परदेशातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र: नेपाळच्या टूरमध्ये 'ऑर्फनेज व्हिजिट' मागू नका

सप्रेम नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या ग्रुप बुकिंगचे मेल यायला लागलेत. न्यू जर्सी, बे एरिया, लंडन, सिडनी, सगळीकडून. पुण्यात उतरायचं, घरची लग्नंकार्यं उरकायची आणि मग सहा रात्री सात दिवस नेपाळ. काठमांडू, पोखरा, चितवन, जमलं तर मुक्तिनाथ. धंदा म्हणून मला आनंदच आहे, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण गेल्या काही सीझनपासून जवळपास प्रत्येक मेलच्या शेवटी एक ओळ असते, की अर्धा दिवस ऑर्फनेज व्हिजिट टाकता येईल का, आमची टीनएजर मुलं बरोबर आहेत, त्यांना थोडं रिअल लाइफ दिसू दे. आणि मग हळूच, व्हॉलंटियरिंगचं सर्टिफिकेट मिळेल ना, कॉलेजच्या अ‍ॅप्लिकेशनला लागतं.

प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून कंटाळलो म्हणून एकदाच सगळ्यांना लिहितोय. मी ही व्हिजिट टाकणार नाही. जास्त पैसे दिलेत तरी नाही. आणि तुम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घेणार असाल तर त्याआधी हे एवढं वाचा, मग ठरवा.

तुमचा हेतू चांगला आहे हे मला पक्कं माहितीये. आपल्या लोकांना अनाथाश्रम म्हटलं की लगेच भरून येतं, त्यात सिंधुताई सपकाळांचा मोठा वाटा आहे. माई तिकडे आल्या, पदर पसरून बोलल्या, हॉलमध्ये सगळे रडले, तिथल्या तिथे चेक लिहिले गेले. तुमच्यातले कित्येक जण त्या हॉलमध्ये असतील. त्यामुळे काठमांडूत एखाद्या घराच्या गेटवर 'चिल्ड्रन्स होम' अशी पाटी दिसली की तीच माया तिकडे वळते. फक्त तिकडचा मामला वेगळा आहे हो.

आधी आकडे सांगतो. युनिसेफने २०१५ च्या भूकंपानंतर जे सांगितलं ते असं, की नेपाळच्या अनाथालयांत तेव्हा साधारण १५,००० मुलं होती आणि त्यातल्या निदान ८५ टक्के मुलांचे आई किंवा बाप, दोघांपैकी एक तरी जिवंत होतं. पंच्याऐंशी टक्के! म्हणजे शंभर 'अनाथ' मुलांच्या रांगेतून तुम्ही खाऊ वाटत गेलात तर त्यातली फार तर पंधराच काय ती खरी अनाथ, बाकीच्यांची आई नाहीतर बाप कुठेतरी डोंगरात कोदो (आपली नाचणी) नाहीतर मका खुरपत बसलेत. आणि ही घरं आहेत कुठे? तेव्हा नेपाळात ७५ जिल्हे होते, आणि रजिस्टर झालेल्या अनाथालयांपैकी ९० टक्के फक्त पाच जिल्ह्यांत. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की म्हणजे आपलं पोखरा, आणि चितवन. नावं परत वाचा. हा आमच्या टूरचा रूट आहे! गरिबी सगळ्यात जास्त हुम्ला, मुगू, बाजुरा, कालिकोट अशा पश्चिमेकडच्या पहाडात, आणि अनाथालयं जिथे टुरिस्ट उतरतो तिथे. आता यातून काय समजायचं ते समजा.

हे सुरू कसं झालं तेही थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही म्हणाल की आईबाप जिवंत असताना पोरं तिथे गेलीच कशी. १९९६ ते २००६ तिकडे माओवाद्यांचं युद्ध चाललं, सतराएक हजार माणसं मेली. माओवादी घरटी एक पोरगं मागायचे, शाळा बंद, मास्तर पळालेले. हुम्लासारख्या जिल्ह्यात तेव्हा गाडीरस्ता नव्हता, नेपाळगंजहून सिमिकोटला, म्हणजे हुम्लाच्या मुख्य गावाला, छोटं विमान जायचं तेही हवा असेल तर. अशा वेळी गावातलाच किंवा शेजारच्या गावातला ओळखीचा माणूस यायचा आणि सांगायचा, पोराला माझ्याबरोबर काठमांडूला दे, बोर्डिंग शाळेत घालतो, इंग्लिश शिकेल, सेफ राहील. आणि हे फुकट नाही बरं का, आईबाप वरून पैसे द्यायचे, जमीन गहाण ठेवून, जनावर विकून द्यायचे. काठमांडूत पोचल्यावर पोराचं नाव बदललं, आईबाप मेल्याचा कागद तयार झाला आणि पोरगं कागदोपत्री अनाथ. मग एकतर त्याला परदेशात दत्तक द्यायचं नाहीतर होममध्ये ठेवून त्याच्या नावावर देणग्या आणायच्या. दत्तकाच्या कागदांत इतका घोळ निघाला की ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकेने नेपाळमधून 'टाकून दिलेली' म्हणून दाखवलेली मुलं दत्तक घेणं थांबवलं, बाकीच्या बऱ्याच देशांनीही त्याच सुमाराला तेच केलं. दत्तकाचा रस्ता जवळपास बंद झाला. व्हॉलंटियरचा आणि व्हिजिटचा उघडाच राहिला, तो आजवर उघडा आहे, आणि त्या रस्त्याने आता आपण चाललोय.

२०१५ मध्ये २५ एप्रिलला ७.८ चा भूकंप झाला, जवळपास ९,००० माणसं गेली, सिंधुपाल्चोक आणि गोरखा भागात गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. तुम्ही तेव्हा मंडळांतून निधी गोळा केलात, तंबू, ब्लँकेटं पाठवलीत, फार चांगलं काम झालं. पण त्याच दिवसांत दलालही गावोगाव फिरत होते, कारण जगभरातून अनाथांसाठी पैसा येतोय म्हटल्यावर अनाथ दाखवायला हवेत ना. नेपाळ सरकारला नियम काढावा लागला की आईवडील किंवा मान्य पालक बरोबर नसेल तर मुलाला जिल्ह्याबाहेर नेता येणार नाही, परदेशी दत्तक बंद, नवीन बालगृहांचं रजिस्ट्रेशन बंद. दोनच महिन्यांत निदान २४५ मुलं वाटेत अडवली किंवा उगाच होममध्ये टाकलेली सोडवली, असं युनिसेफने त्या जूनमध्ये सांगितलं. सापडली ती एवढी.

आता जरा आमच्या धंद्यातलं आतलं सांगतो, हे तुम्हाला कुठल्या ब्रोशरमध्ये मिळणार नाही. तिकडचे काही लोकल एजंट आम्हाला फोन करतात, सर ग्रुप आहे ना, ऑर्फनेज करून देतो. वेळा ठरलेल्या, सकाळी अकरा आणि दुपारी चार. मी विचारलं की अकराला पोरं शाळेत नसतात का, तर म्हणे तुम्ही फक्त हेडकाउंट सांगा सर, पोरं अ‍ॅडजस्ट करतो. म्हणजे तुमच्या पोरांना रिअल लाइफ दिसावं म्हणून त्या पोरांची शाळा बुडणार. कार्यक्रम काय तर स्वागताला टिका आणि खादा, म्हणजे गळ्यात घालायचं वस्त्र, मग दोन नाच, एक इंग्लिश गाणं, मग तुमच्या हस्ते वह्या वाटप, मग फोटो, मग डोनेशन बॉक्स. आणि ग्रुप आणणाऱ्याला माणशी कमिशन. हत्ती सफारीला मिळतं तसंच, वेगळी लाइन आयटेम. वह्या तर काही ठिकाणी संध्याकाळी परत दुकानात जातात आणि दुसऱ्या दिवशीच्या ग्रुपला त्याच दुकानातून घ्यायला सांगतात, हे तिकडच्या ड्रायव्हर लोकांना विचारा, ते हसत हसत सांगतील.

आणि ते पोरगं येऊन पटकन मिठी मारतं ना, मांडीवर बसतं, 'दिदी डोंट गो' म्हणतं, ज्याचा फोटो मग फेसबुकवर जातो, त्याबद्दलही बोललं पाहिजे. तुमच्या स्वतःच्या पाच वर्षांच्या लेकीने अनोळखी माणसाच्या गळ्यात अशी पाच मिनिटांत मिठी मारली तर तुम्हाला कौतुक वाटेल की पोटात गोळा येईल? रुमानियात २००० सालापासून संशोधकांनी संस्थेत वाढणाऱ्या १३६ लहान मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. निम्मी मुलं घरांमध्ये, पालक कुटुंबात दिली, निम्मी होती तशी राहिली. घरात गेलेली, त्यातही दोन वर्षांची व्हायच्या आत गेलेली मुलं बुद्धीने आणि मायेने दोन्ही बाजूंनी पुढे निघाली. संस्थेत वाढलेल्या मुलांत जे कुणालाही चटकन बिलगणं दिसतं ते प्रेमळपणाचं लक्षण नाही, आपलं माणूस कोण हे ठरवायची संधीच न मिळाल्याचं आहे. त्यात दर आठवड्याला नवी दिदी, नवा दादा, दहा दिवस लाड आणि मग बाय बाय. तुमच्या मुलाला सर्टिफिकेट मिळतं. त्या पोराला काय मिळतं?

एक जवळचं सांगतो. आमच्या सोसायटीचे वॉचमन बाजुरा जिल्ह्यातले. आपल्याकडे नेपाळी माणूस म्हणजे सरसकट बहादूर, त्याला नाव असतं, गाव असतं, पोरंबाळं असतात हे आपल्या लक्षातच येत नाही, ते असो. त्यांचा मोठा भाऊ रत्नागिरीत हापूसच्या बागेत राखण करतो, असे हजारो नेपाळी कोकणात आंब्याच्या बागांवर आणि मच्छीमार बोटींवर आहेत. तर एकदा रात्री लिफ्ट बंद म्हणून खाली बोलत उभे होतो तेव्हा त्यांनी मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवला. सगळ्या पोरी पिवळ्या टी-शर्टमध्ये, केस बारीक कापलेले, पुढे एका परदेशी झेंड्याच्या रंगातला थँक्यूचा पुठ्ठा धरलेला, दुसऱ्या रांगेत तिसरी ती यांची. "सर, काठमांडू में हॉस्टेल है, इंग्लिश मीडियम." छाती फुगली होती त्यांची. गावच्या ओळखीच्या माणसाला पस्तीस हजार नेपाळी रुपये देऊन तिला तिथे घातलेली. मी धंद्यातला माणूस, मला तो हॉल आणि तो पुठ्ठा बघूनच कळलं की हे हॉस्टेल नाही. हॉस्टेलच्या पोरी कुणाला थँक्यू म्हणत फोटो काढत नाहीत, त्यांची फी बाप भरतो.

त्यांना सांगितलं तर आधी पटेना, मग दशैंला, म्हणजे तिकडच्या दसऱ्याला, गावी जाताना ते काठमांडूमार्गे गेले. मुलीला घेऊन जातो म्हटल्यावर तिथल्या बाईंनी काय सांगितलं ऐका, म्हणाल्या तिचा स्पॉन्सर मार्चपर्यंत आहे, मार्च झाला की न्या. स्वतःची मुलगी! मग गावच्या वडा (वॉर्ड) कार्यालयाची चिठ्ठी, जन्मदर्ता म्हणजे जन्माचा दाखला, स्वतःची नागरिकता म्हणजे नागरिकत्वाचा दाखला, सगळं जमवून, दोन हेलपाटे घालून आणली बाबा एकदाची. आता गावच्या शाळेत जाते, इंग्लिश मीडियम नाही, आजीजवळ राहते. रविवारी व्हिडिओ कॉलवर आजी फोन उलटा धरते आणि हे गेटवर बसून छप्पर बघत बोलतात.

त्या स्पॉन्सरला यातलं काही कळलं असेल असं मला वाटत नाही. कुठल्यातरी देशात एक भला माणूस दर महिन्याला पैसे भरतोय, त्याला वाटतंय मी एका अनाथ मुलीला सांभाळतोय, आणि तिचा बाप इकडे आमच्या गेटवर रात्रभर जागतोय. दोघंही तिच्याचसाठी पैसे भरतायत!

तुमचा पहिला मुद्दा मला माहितीये, सगळीच घरं वाईट नसतात. बरोबर आहे, नसतात. खरोखर कुणी नसलेली मुलं असतात आणि त्यांना मनापासून सांभाळणारी माणसंही आहेत. पण जे खरंच चांगलं काम करतात ते तुम्हाला आत येऊन फोटो काढू देत नाहीत. ही माझी साधी परीक्षा आहे. रस्त्यावरून आलेल्या कुठल्याही ग्रुपला पोरांच्या खोलीपर्यंत सोडतात ती जागा मुलांसाठी चालवलेली नाही. तुमच्या अमेरिकेतल्या डेकेअरमध्ये बारा अनोळखी नेपाळी माणसं कॅमेरे घेऊन शिरली तर पोलीस किती मिनिटांत येतील?

दुसरा मुद्दा, आपल्याकडे नाहीत का बोर्डिंगं, गरीब पोरं घर सोडून शिकलीच ना. शिकली की, माझे आजोबाच शिकले. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एकत्र, लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. पण त्या पोरांना कुणी अनाथ म्हणवलं नाही, बापाचं नाव पुसलं नाही, सुट्टीत घरी जाऊ नको म्हणाले नाहीत. पोराचा बाप डोक्यावर ज्वारीचं गाठोडं घेऊन बोर्डिंगात यायचा. नेपाळातही अशी हॉस्टेलं आहेत, त्यांना द्या ना पैसे, कोण नको म्हणतंय.

आणि नेपाळ काही एकटं नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयं १५४ वरून २६९ झाली, तिकडे अंगकोर वाट बघायला येणारे टुरिस्ट वाढत होते, अनाथ मुलं वाढत नव्हती. ऑस्ट्रेलियात तर २०१८ चा आधुनिक गुलामीविरोधी कायदा होताना पैशासाठी मुलांना अनाथालयात आणणं हा गुलामीचाच प्रकार म्हणून धरला गेला, तेव्हा सिडनी आणि मेलबर्नच्या मंडळींनी तरी हे जास्त गंभीरपणे घ्यावं. बाकी तुमच्यातले बहुतेक जण ऑन अरायव्हल टुरिस्ट व्हिसावर नेपाळात उतरता, त्या व्हिसावर काम करता येत नाही, बिनपगारी व्हॉलंटियरिंगसुद्धा नाही. सर्टिफिकेट म्हणजे तुम्ही नियम मोडल्याचा पुरावा, सही-शिक्क्यासकट. कॉलेजला तोच जोडणार?

मग पैसे द्यायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे आणि मी तो टाळणार नाही. मूल घरातून बाहेर पडतं ते शाळा, जेवण आणि आजारपण या तीन गोष्टींपायी, तर पैसा तिथेच, मूल स्वतःच्या घरात असतानाच पडला पाहिजे. सरकारी शाळेत नेपाळ सरकार दिवा खाजा देतं, म्हणजे आपलं मध्यान्ह भोजन, बालवर्गापासून पाचवीपर्यंत. त्याला एका मुलामागे दिवसाला १५ नेपाळी रुपये, काही दुर्गम जिल्ह्यांत २०. पंधरा म्हणजे आपले साडेनऊच्या आसपास. यात काय येतं तुम्हीच सांगा, पुण्यात धड एक कटिंग नाही येत. डोंगरातल्या एखाद्या शाळेला त्यात वर थोडी भर, डाळ, अंडं, पक्कं स्वयंपाकघर, एवढं मंडळाने केलं तरी शंभर घरांतलं पोरगं घरी राहायला कारण मिळतं. जागतिक अन्न कार्यक्रम तिकडे १९७४ पासून शाळेतलं जेवण देतोय, ते काम डोळ्यासमोर आहे, नवीन शोध लावायची गरज नाही. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेने बरीचशी परदेशी मदत थांबवली, १ जुलैपासून ती मदत देणारी त्यांची सरकारी संस्था यूएसएड बंदच झाली, त्यामुळे साध्या माणसांच्या वर्गणीला आता पूर्वीपेक्षा जास्त वजन आहे, ती फोटोवर घालवू नका.

दुसरं, मुलांना घरी परत पोचवणाऱ्या संस्था. हे काम दिसायला काहीच नाही, फोटो निघत नाहीत. एक कार्यकर्ता पोराला आठवणाऱ्या दोन गोष्टी घेऊन निघतो, गावाजवळ पांढरं देऊळ होतं, मामाकडे घोडा होता, एवढ्यावर दिवस दिवस चालत गाव शोधतो, आईबापांना भेटतो, घरची परिस्थिती बघतो, लगेच पोर टाकून येत नाही, आधी फोन, मग भेट, मग सणाला चार दिवस, मग कायमचं, आणि त्यानंतरही वर्षभर चकरा. फीचे पैसे, आईला शेळ्या किंवा शिलाई मशीन, कागदपत्रं. नागरिकता काढायला आईबापाचे कागद लागतात, खोट्या नावाने अनाथ म्हणून वाढलेलं पोरगं मोठं झाल्यावर तिथेच अडकतं, धड सिम कार्डही मिळत नाही. या लोकांच्या पगाराला पैसे द्यायला कुणी तयार नसतं कारण पगार म्हणजे 'अ‍ॅडमिन कॉस्ट', तुमच्या कमिटीतले सीए लोक लगेच चष्मा सरसावतात. सरसावू द्या, पण हे चालणारे पाय म्हणजेच काम आहे.

आपल्या महाराष्ट्रातसुद्धा सरकार याच दिशेला चाललंय, बालसंगोपन योजनेत एकट्या आईला किंवा सांभाळणाऱ्या नातेवाइकाला मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात, पोराला संस्थेत टाकायची वेळ येऊ नये म्हणून. पैसे वेळेवर येत नाहीत ही बोंब आहेच. पण कल्पना बरोबर आहे.

कुठल्याही होमने देणगी मागितली तर मंडळाने लेखी विचारावं, की गेल्या वर्षी तुमच्याकडून किती मुलं घरी परत गेली, आणि किती मुलांचे आईबाप हयात आहेत. उत्तर आलंच नाही किंवा 'आमच्याकडची सगळी पूर्ण अनाथ आहेत' असं आलं तर चेकबुक बंद करा. आधीच एखाद्या घराला दर महिन्याला देत असाल तर मात्र एकदम हात काढून घेऊ नका, त्याने पोरंच उपाशी राहतील. वर्षभराची मुदत द्या आणि सांगा की इथून पुढचा पैसा मुलं घरी पाठवायला, तयार असाल तर देतो.

तर डिसेंबरच्या आयटिनररीत मी चौथ्या दिवशी दुपारी ऑर्फनेजच्या जागी भक्तपूर टाकलंय. कुंभारांचा चौक, मुलांना चाकावर हात घालून मडकं करू देतात, त्याचे पैसे त्या कुंभाराला जातात, पोरंही खूश. सर्टिफिकेट नाही. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी ३१ ऑक्टोबरच्या आत मेल करा, अ‍ॅडव्हान्स पूर्ण परत करतो, विमानाचं तिकीट काढून झालं असेल तर तेवढं सोडून. आणि हे पत्र कमिटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये वाचणार असाल तर वॉचमनचं काही विचारू नका, नाव-गाव मी देणार नाही.

कळावे,
आपला,
पुण्यातला एक टूरवाला